गाडी कुठे लावायची? आरव्ही, नॅशनल पार्क आणि शंभर वर्षांची एक सुट्टी

आजचा भाग सुरू होतो एका व्हिडिओ कॉलपासून.

गेल्या जुलैमधली गोष्ट. रात्री साडेनऊला फोन वाजला. माझी मावसबहीण. ती, तिचा नवरा आणि दोन मुलं अमेरिकेत भाड्याची आरव्ही घेऊन सुट्टीवर निघाली होती. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा सहाचा. आरव्ही म्हणजे काय, हे बहुतेकांनी रील्समध्ये पाहिलं असेलच. चाकांवरचं घर. दोन शेगड्या, छोटा फ्रीज, वर-खाली झोपायचे बंक, संडास आणि आंघोळीपुरती एवढीशी मोरी. तिकडे सकाळ होती, शेगडीवर पोहे चालले होते. तेवढ्यात भाचा वरच्या बंकवरून ओरडला, "मावशी, बाहेर बायसन आहे!" फोन खिडकीकडे वळला. खरंच होता. भलामोठा, केसाळ, अगदी निवांत. यलोस्टोन नॅशनल पार्क.

तीन दिवसांनी पुन्हा कॉल आला, पण या वेळी चेहरे उतरलेले. आता ते उत्तरेला मोंटाना राज्यातल्या ग्लेशियर नॅशनल पार्कला पोहोचले होते. तिथला सगळ्यात प्रसिद्ध रस्ता म्हणजे 'गोइंग टू द सन रोड'. आणि त्याच्या मधल्या डोंगरी भागात २१ फुटांपेक्षा लांब गाडीला बंदी आहे. यांची गाडी २५ फुटांची. बहीण म्हणाली, "अगं, घर बरोबर आणलंय खरं, पण ते लावायचं कुठे?"

तिने सहज विचारलं. माझ्या मात्र डोक्यात तो प्रश्न अडकून बसला. कारण खोदायला लागल्यावर लक्षात आलं, की या सगळ्या सुट्टीचा इतिहासच या एका प्रश्नाभोवती फिरतो. गाडी कुठे लावायची? आणि त्याहून महत्त्वाचं, कोणी लावायची?

सुरुवात घोड्यांपासून

१ मार्च १८७२. अमेरिकेचे अध्यक्ष युलिसिस ग्रँट यांनी एका कायद्यावर सही केली आणि यलोस्टोन हे जगातलं पहिलं नॅशनल पार्क झालं. उकळत्या पाण्याचे फवारे, रंगीत कुंडं, धबधबे, सगळं 'लोकांच्या आनंदासाठी' राखून ठेवायचं, असं ठरलं.

पण 'लोक' म्हणजे कोण? ती जागा काही रिकामी नव्हती. तिथे हजारो वर्षांपासून माणसांचा वावर होता. शोशोनी जमातीतले टुकुडिका लोक तिथल्या डोंगरात रानमेंढ्यांची शिकार करून राहत होते. पार्क झाल्यानंतर काही वर्षांतच त्यांना तिथून हलवून दूरच्या राखीव वसाहतींत पाठवलं गेलं. एवढंच नाही, तर हे आदिवासी गरम पाण्याच्या फवाऱ्यांना घाबरतात, म्हणून इथे येतच नव्हते, अशी कथाही पसरवण्यात आली. पर्यटकांना बरं वाटावं म्हणून! म्हणजे जागेचा पहिला निर्णय झाला तो असा. आधी घर असलेल्यांना बाहेर काढलं, मग सुट्टीवर येणाऱ्यांना आत घेतलं.

सुरुवातीचे पर्यटक पैसेवाले. १८८३ पर्यंत रेल्वे पार्कच्या उत्तर टोकाजवळ पोहोचली. रेल्वेने यायचं, घोडागाडीतून फिरायचं, मोठ्या हॉटेलात उतरायचं. पण आणखीही एक जात होती पर्यटकांची. आजूबाजूचे शेतकरी, छोटे दुकानदार. हे लोक स्वतःच्या बैठ्या गाडीला घोडे जुंपायचे, त्यात पीठ, कढया, अंथरुणं, पोरंबाळं भरायचे आणि निघायचे. रस्त्याकडेला चूल मांडायची, गाडीखाली किंवा तंबूत झोपायचं. तिकडच्या माळावर सेजब्रश नावाचं झुडूप सगळीकडे असतं. त्यावरून या लोकांना नाव पडलं, 'सेजब्रशर'. आपल्याकडे यात्रेला बैलगाडी जोडून जाणारी कुटुंबं आठवा, तसंच काहीसं.

माझ्या मते आजच्या आरव्हीवाल्यांचे खरे पूर्वज हे.

साप आला, साप!

मग आली मोटार. आज गंमत वाटेल, पण मोटारगाडीला नॅशनल पार्कमध्ये चक्क बंदी होती. कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीमध्ये पहिली मोटार १९०० साली पोहोचली. १९०७ मध्ये तिथे मोटारींना मनाई झाली. घोडे बुजतात, रस्ते अरुंद, धूळ, आवाज, तक्रारी खूप होत्या. १९१२ मध्ये अमेरिकेतले ब्रिटिश राजदूत जेम्स ब्राइस यांनी तर जाहीर भाषणात इशारा दिला. योसेमिटीच्या दरीत मोटार येऊ देणं म्हणजे स्वर्गाच्या बागेत साप येऊ देणं, असा त्यांच्या म्हणण्याचा भावार्थ.

साप आलाच. १९१३ मध्ये योसेमिटीने मोटारी आत घेतल्या, पण काय अटी! दरीत पोहोचलात की गाडी ठरलेल्या जागी लावायची आणि ती साखळीने ओंडक्याला बांधून ठेवायची. हो, गुरं बांधतात तशी. १ ऑगस्ट १९१५ ला यलोस्टोनचे दरवाजे उघडले. दोनच वर्षांत, १९१७ पर्यंत, तिथल्या प्रवासी घोडागाड्या बंद होऊन त्यांच्या जागी मोटारबस धावू लागल्या.

इतकी घाई का? इथे एका माणसाचं नाव घ्यायला हवं, स्टीफन मॅथर. सुहाग्याच्या, म्हणजे बोरॅक्सच्या धंद्यात श्रीमंत झालेला, डोंगर चढायचं वेड असलेला माणूस. २५ ऑगस्ट १९१६ ला अमेरिकेत 'नॅशनल पार्क सर्व्हिस' स्थापन झाली आणि मॅथर तिचे पहिले संचालक झाले. त्यांचा हिशोब सरळ होता. जंगल वाचवायला सरकारकडून पैसा हवा. सरकार पैसा देईल तो मतदारांनी मागितला तर. आणि मतदार मागतील कधी? ते स्वतः पोराबाळांसकट तिथे जाऊन आले तर. म्हणून रस्ते बांधा, मोटारी येऊ द्या.

आता गंमत अशी, की १९१६ च्या कायद्याने या संस्थेला एकाच दमात दोन कामं सांगितली. एक, निसर्ग पुढच्या पिढ्यांसाठी जसाच्या तसा राखा. दोन, लोकांना त्याचा आनंद घेऊ द्या. दोन्ही छानच. पण ग्लेशियरमध्ये अडकलेली माझी बहीण या दोन कामांच्या बरोबर मध्ये सापडली होती.

संडास: एकाची चैन, दुसऱ्याची गरज

आरव्हीचा इतिहास सांगणारे बहुतेक जण १९१० सालापाशी थांबतात. त्या वर्षी पिअर्स-ॲरो कंपनीने 'टूरिंग लँडॉ' नावाची एक आलिशान गाडी न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात मांडली. मागचं सीट उलगडलं की पलंग व्हायचा. घडीचं बेसिन होतं. आणि मुख्य आकर्षण म्हणजे गाडीतच शौचाचं भांडं! श्रीमंतांना वाटेत कुठे उतरायची गरज नाही.

सामान्य माणसाच्या हाती मोटार आली ती फोर्डच्या मॉडेल टीमुळे. १९०८ मध्ये ती बाजारात आली आणि पुढच्या काळात स्वस्त होत गेली. लोकांनी तिला काय काय जोडलं! बाजूला तंबू, मागे फळ्यांचं कपाट, वर गादी. १९१९ मध्ये फ्लोरिडातल्या टँपा शहरात अशा गाडी-मुक्कामी लोकांनी 'टिन कॅन टूरिस्ट्स' नावाचा संघच काढला. ओळखीची खूण म्हणजे गाडीच्या रेडिएटरच्या झाकणावर बसवलेला पत्र्याचा डबा.

इथपर्यंत गोष्ट मजेची आहे. आता जरा थांबूया.

याच अमेरिकेत काळ्या लोकांची कुटुंबंही होती. त्यांनाही सुट्टी होती, मुलं होती, पुढेपुढे गाडीही होती. उलट गाडी त्यांना जास्तच हवी होती. कारण दक्षिणेतल्या राज्यांत रेल्वे-बसमध्ये त्यांना वेगळं बसवलं जायचं. स्वतःच्या गाडीत निदान तो अपमान नव्हता. पण गाडीतून उतरल्यावर काय? वाटेतलं हॉटेल खोली देत नाही. खानावळ जेवण देत नाही. पेट्रोल पंपवाला पेट्रोल विकतो, पण संडास वापरू देत नाही.

मग ही कुटुंबं काय करायची? घरूनच डबे भरून घ्यायची. पाणी घ्यायची. पेट्रोलचा जादा कॅन घ्यायची. गाडीतच झोपायची तयारी ठेवायची. आणि मुलांसाठी एक रिकामा कॉफीचा डबा ठेवायची. कशाला, ते कळलं असेलच.

पिअर्स-ॲरोमधलं भांडं आणि हा कॉफीचा डबा. काम एकच. एकाने ते चैन म्हणून घेतलं, दुसऱ्यावर ते लादलं गेलं. पाणवठा सार्वजनिक असूनही सगळ्यांचा नसणं म्हणजे काय, हे आपल्याला, महाडचं चवदार तळं माहीत असलेल्यांना, वेगळं समजावून सांगायला नको.

१९३६ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या व्हिक्टर ह्युगो ग्रीन नावाच्या एका पोस्टमनने एक मार्गदर्शिका छापायला सुरुवात केली. तिचं नाव 'ग्रीन बुक'. काळ्या प्रवाशाला कुठे राहायला मिळेल, कुठे जेवायला, कुठे पेट्रोल, याची गावागणिक यादी. ही पुस्तिका १९६० च्या दशकापर्यंत निघत राहिली. गाडी कुठे लावायची, या प्रश्नाचं उत्तर चुकलं तर जिवावर बेतू शकत होतं, म्हणून.

आणि नॅशनल पार्क? ते तर केंद्र सरकारचं, 'सगळ्या लोकांचं'! व्हर्जिनिया राज्यातल्या शेनंडोआ पार्कमध्ये १९३० च्या दशकाच्या शेवटी लुइस माउंटन नावाचा एक कॅम्प उभा राहिला. तो खास काळ्या लोकांसाठी. तशी पाटीच होती. तिथे राहून आलेल्या कुटुंबांच्या आठवणी गोड आहेत, कारण डोंगर सुंदर होता आणि आपली माणसं होती. पण बाकीच्या कॅम्पमध्ये जागा का नाही, हे मुलांना सांगायचं काम आईबापांकडेच होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर हा भेद काढायचं ठरलं आणि १९५० पर्यंत तो तिथून पूर्णपणे गेला.

यातला सगळ्यात बोचरा भाग पुढे आहे. १९०३ च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियातल्या सेक्वोया नॅशनल पार्कचा कारभार लष्कराच्या एका कॅप्टनकडे होता. चार्ल्स यंग. १८६४ मध्ये गुलामगिरीत जन्मलेला काळा माणूस. तिथल्या महाकाय वृक्षांपर्यंत गाडीरस्ता नेण्याचं काम बरीच वर्षं रखडलं होतं. यंग आणि त्याच्या काळ्या घोडदळाने ते एका उन्हाळ्यात पूर्ण केलं. झाडांपर्यंत चाकं पहिल्यांदा पोहोचली ती यांच्यामुळे. आणि याच लोकांची नातवंडं पुढे पंपावर संडासासाठी नकार ऐकत होती.

झाडाच्या मुळांनी लावलेली शिस्त

आता पुन्हा गाडी लावण्याकडे वळू. सुरुवातीला कॅम्पमध्ये कसलीच आखणी नव्हती. आवडलं त्या झाडाखाली गाडी घुसवायची, दोर बांधायचा, चूल पेटवायची. मुलं खूश, सगळे खूश. पण काही वर्षांत झाडं वाळायला लागली.

याचं कारण शोधणारा माणूस म्हणजे एमिलियो माइनेके. झाडांच्या रोगांचा तज्ज्ञ, अमेरिकेच्या वन खात्यात काम करणारा. १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्याने कॅलिफोर्नियातल्या रेडवुड झाडांचा अभ्यास केला. रोग कुठला सापडला? आपणच! हजारो पायांनी आणि चाकांनी माती इतकी दाबली जाते, की मुळांना हवा-पाणी पोहोचत नाही. शेतातून बैलगाडीची वाट गेली की तिथे काही उगवत नाही, हे आपल्या आजोबांना ठाऊक होतं. हे तेच, फक्त दोनशे फुटी झाडांच्या बाबतीत.

माइनेकेचा तोडगा साधा होता. माणसांना हाकलू नका, गाडीला जागा नेमून द्या. एकेरी गोल रस्ता. त्याच्या कडेला तिरक्या, एका गाडीपुरत्या खाचा. प्रत्येक खाचेपाशी पक्कं टेबल, पक्की चूल. आणि बाकी जमिनीकडे गाडी वळूच नये म्हणून मध्ये मोठमोठे दगड, ओंडके. १९३२ मध्ये त्याने हा आराखडा मांडला.

तो प्रत्यक्षात आणायला माणसंही लगेच मिळाली. जागतिक मंदीचे दिवस होते. १९३३ मध्ये रूझवेल्ट सरकारने बेकार तरुणांसाठी 'सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर' सुरू केलं होतं. महिन्याला ३० डॉलर पगार, त्यातले बहुतेक, साधारण २५, घरी पाठवायचे. तुमच्याच वयाची मुलं, बरं का! त्यांनी पार्कांमध्ये रस्ते, पायवाटा, भिंती आणि हे कॅम्प बांधले.

माझ्या बहिणीने कॅम्पमधून पाठवलेला फोटो मी पुन्हा उघडून पाहिला. गोल रस्ता, तिरकी खाच, टेबल, लोखंडी चूल, कडेला दगड. त्यावर भाची पाय हलवत बसलेली. नव्वद वर्षांपूर्वीचा आराखडा, जसाच्या तसा.

अस्वल, टोपली आणि विनेबेगो

दुसरं महायुद्ध संपलं आणि अमेरिकेत सगळं एकदम वाढलं. पगार, मुलं, मोटारी. पार्कांवर लोकांची झुंबड उडाली. सोयी मात्र जुन्याच. १९५३ मध्ये इतिहासकार बर्नार्ड डेव्होटो यांनी वैतागून लेख लिहिला, की नीट सांभाळता येत नसतील तर नॅशनल पार्क बंद करून टाका! त्यानंतर १९५६ ते १९६६ असा दहा वर्षांचा 'मिशन ६६' कार्यक्रम आला. रुंद रस्ते, मोठ्ठी पार्किंग, नवे कॅम्प. आज जगभर दिसणारं 'व्हिजिटर सेंटर' हे प्रकरण याच काळात रुळलं.

या काळातल्या फोटोंमध्ये एक दृश्य सारखं दिसतं. रस्त्यावर मोटारींची रांग, खिडकीतून बाहेर आलेला मुलाचा हात, हातात पाव आणि समोर मागच्या पायांवर उभं राहिलेलं अस्वल. यलोस्टोनमध्ये एकेकाळी कचऱ्याच्या ढिगासमोर लाकडी बाकं टाकली होती, अस्वलं जेवताना बघायला. १९५८ मध्ये टीव्हीवर आलेला 'योगी बेअर' पिकनिकच्या टोपल्या पळवायचा तो उगाच नाही.

कार्टूनमध्ये मजा होती. प्रत्यक्षात १९३१ ते १९६९ या काळात यलोस्टोनमध्ये दरवर्षी सरासरी ४८ माणसं अस्वलांमुळे जखमी होत होती. माणसाच्या अन्नाला चटावलेल्या अस्वलांना शेवटी गोळी घातली जायची. म्हणजे खाऊ आपण घालायचा आणि शिक्षा त्याला. १९७० मध्ये धोरण बदललं, कचऱ्याचे ढीग बंद झाले, खायला घालण्यावरची बंदी कडक झाली. अचानक ढीग गेल्यावर ग्रिझली अस्वलं अन्न शोधत कॅम्पकडे वळली, बरीच मारली गेली, आणि १९७५ मध्ये त्यांना संकटग्रस्त प्रजातींच्या कायद्याखाली संरक्षण द्यावं लागलं. आज संख्या सावरली आहे. आणि आज भाच्याला टेबलावर बिस्किटाचा पुडा ठेवून जायला मनाई आहे, ती त्या अस्वलांमुळे.

याच काळात आरव्ही खऱ्या अर्थाने मध्यमवर्गीय झाली. आयोवा राज्यातल्या फॉरेस्ट सिटी नावाच्या छोट्या गावातली एक कंपनी १९६६ पासून कारखान्यात एकामागून एक मोटारघरं बनवू लागली. ती बाकीच्यांपेक्षा बरीच स्वस्त होती. कंपनीचं नाव विनेबेगो. अमेरिकेत कितीतरी लोक कुठल्याही आरव्हीला 'विनेबेगो' म्हणतात, आपण वनस्पती तुपाला डालडा म्हणतो तसं.

पण हे नाव आलं कुठून? फॉरेस्ट सिटी ज्या विनेबेगो काउंटीत आहे, तिच्यावरून. आणि काउंटीला ते मिळालं एका आदिवासी जमातीवरून. हे लोक स्वतःला हो-चंक म्हणतात, विनेबेगो हे इतरांनी ठेवलेलं नाव. त्यांचं मूळ घर विस्कॉन्सिनमध्ये. एकोणिसाव्या शतकात सरकारने त्यांना तिथून आयोवात हलवलं. मग मिनेसोटात. मग डाकोटात. तिथून ते नेब्रास्कात गेले. काही जण पुन्हा पुन्हा चालत विस्कॉन्सिनला परतले.

घर उचलून फिरायला भाग पाडलेल्या लोकांचं नाव, हौसेने घर घेऊन फिरायच्या गाडीला! हे वाचलं त्या रात्री मी बराच वेळ काही लिहू शकले नाही.

परत २१ फुटांकडे

तर ग्लेशियरमधला तो रस्ता. तो १९३३ मध्ये खुला झाला. कड्याच्या अंगाला चिकटून जातो, एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला दरी. बांधणाऱ्यांपुढे त्या काळच्या मोटारी होत्या. रस्ता रुंद करायचा तर कडा फोडावा लागेल. तो फोडायचा नाही, असं ठरलं. म्हणून गाडीने लहान व्हायचं. २१ फूट लांब, ८ फूट रुंद, आरशांसकट. मॅथर यांच्या वेळी डोंगर मोटारीसाठी वाट करून देत होता. इथे मोटारीला थांबायला सांगितलंय. यूटामधल्या झायन पार्कमध्येही २००० सालापासून गर्दीच्या महिन्यांत मुख्य दरीत खाजगी गाड्या बंद, शटल बस सुरू.

बहिणीच्या कुटुंबाने शेवटी तेच केलं. घर खालीच कॅम्पमध्ये लावलं, कुलूप घातलं आणि तिथल्या बसने वर गेले. मी विचारलं, मुलं नाराज झाली असतील ना? ती म्हणाली, "अगं, उलट. पहिल्यांदाच त्यांचे बाबा गाडी चालवत नव्हते. चौघंही खिडकीतून बाहेर बघत होतो."

वर खिंडीत एका रेंजरने भाचीला 'ज्युनियर रेंजर'ची पुस्तिका दिली. कोडी सोडवायची, प्राणी ओळखायचे, शपथ घ्यायची, बिल्ला मिळतो. रात्री कॉलवर तिने बिल्ला दाखवला आणि मला म्हणाली, "मावशी, तुला माहितीये, इथे आधी ब्लॅकफीट लोक राहायचे. मग ते कुठे गेले?" मी सांगितलं, की ते गेलेले नाहीत, पार्कच्या पूर्वेच्या कुंपणाला लागूनच त्यांची वसाहत आहे, आजही राहतात. तर तिचा पुढचा प्रश्न, "मग त्यांनी पार्कच्या आत गाडी लावली तर चालते का?"

त्या प्रश्नाचं उत्तर एका कॉलमध्ये मावणारं नव्हतं. मी तिला म्हटलं, उद्या बसमध्ये रेंजरलाच विचार.

तर मंडळी, तुमच्या घरात अशी एखादी सहल असेल. जीप, ट्रॅक्स, ओम्नी, कशातूनही केलेली. कुठे मुक्काम केलात, कोणी जागा दिली, कोणी नाही दिली, आई-आजीला विचारून बघा आणि व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात त्यातल्या काही ऐकूया. तोवर काळजी घ्या, आणि बिस्किटाचा पुडा आत ठेवा!